पिवळ्याऐवजी निळं

माझं काम आडवं बसायचं. हसू नका, त्याचा पगार मिळायचा मला. प्राथमिक शाळेतल्या पोरांना वजाबाकी जमते का, इंग्रजी वाचता येतं का, हे आम्ही घरोघरी जाऊन तपासायचो. शाळेत तपासायला गेलं की शाळा हुशार पोरं पुढं करते आणि बाकीच्यांना नेमका त्या दिवशी ताप येतो, म्हणून घरी. आणि घरी दोघांनीच जायचं असा नियम होता. एकानं मुलासमोर बसायचं, दुसऱ्यानं घरातल्या मोठ्यांना थोपवून धरायचं. मोठा माणूस मोकळा राहिला की तो एक तर उत्तर सांगतो, नाही तर मारतो. बहुतेक जण दोन्ही करतात. आधी सांगतात आणि मग सांगूनसुद्धा येत नाही म्हणून मारतात. माझा देह आडदांड, त्यामुळे थोपवायला मला ठेवलं होतं. मुलासमोर बाई बसायच्या. त्या मला भिंत म्हणायच्या.

बाईंबद्दल लोक आता काय वाट्टेल ते बोलतात. कुणी म्हणतं डोकं फिरलं होतं, कुणी म्हणतं शिकल्यासवरल्या बाईला हे शोभलं का. बोलणाऱ्यांपैकी एकही जण त्या खोलीत नव्हता. मी होतो, म्हणून मी सांगतो.

चण लहान, केस पिकायला लागलेले, खांद्याला कापडी पिशवी, पायांत जाड तळाचे बूट. बसताना मुलाला नेहमी उजव्या बाजूला घ्यायच्या, कारण डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. तो कान त्यांच्या बापानं फोडला होता. बाप कुठल्याशा गोदामात हिशेबनीस. रोज संध्याकाळी लेकीला समोर उभं करून पाढे घ्यायचा आणि चुकलं की कानाखाली. एकदा तेराच्या पाढ्यात ही अडखळली, त्यानं ठेवून दिली आणि कानातून रक्त आलं. आई धावली तर तिला म्हणाला, मधे पडू नकोस, दुसरा कान शाबूत आहे. मग लेकीला म्हणाला, पुढचं म्हण. तिनं पुढचं म्हटलं. हे बाईंनी मला एका जिन्यात बसून पाणी पिता पिता सांगितलं, आणि बाटलीचं झाकण लावून उठल्या.

बाईंचं गणित विजेच्या चपळाईचं होतं. दुकानदार आकडेमोडीचं यंत्र शोधेपर्यंत ह्यांचं उत्तर तयार. लोक तोंडात बोटं घालायचे आणि विचारायचे, कुठं शिकलात? बाई खरं सांगायच्या. मग लोक हटकून म्हणायचे, बघा, मार खाल्ला म्हणून आलं ना. हे ऐकलं की बाई पिशवी उचलून चालायला लागायच्या. मला राग यायचा, म्हणायचो, अहो चांगलं सुनवा की त्यांना. त्या म्हणायच्या, काय सुनवू? पुरावा मीच आहे त्यांच्या बाजूचा.

आता कामाची पद्धत सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे तीन कार्डं असायची. पहिलं पांढरं. त्यावर हातच्याची वजाबाकी आणि इंग्रजीतले तीन अक्षरी शब्द. मुलाला ते आलं तर निळं काढायचं, त्यावर भागाकार आणि इंग्रजी वाक्यं. पांढरं नाही आलं तर पिवळं काढायचं. त्यावर नुसती अंकओळख आणि एबीसीडीची अक्षरं. घरात निकाल सांगायचा नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, कार्ड कुठलंही असो, शेवटी 'छान' एवढंच म्हणायचं. पिवळ्यावर राहिलेल्या पोरांना शाळेत दुपारी जादा वर्ग मिळायचा. चांगला वर्ग होता तो, थोडीच पोरं, शिकवणारी ताई जीव लावणारी. त्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

ज्यांनी ही पद्धत बसवली ते थंड हवेच्या खोलीत बसले असणार. वस्तीतल्या लोकांना रंगांचा अर्थ कळायला दुसरी गल्लीसुद्धा लागली नाही. पिवळं निघालं की पोर ढ. मग दाराशी उभी असलेली शेजारीण मान हलवणार, आई कपाळाला हात लावणार आणि बापाचा पट्टा सुटणार. आमची पाठ वळायच्या आत सुटणार. एका घरात जुळे भाऊ होते. एकाला निळं निघालं, दुसऱ्याला पिवळं, तर आईनं पिवळ्याला केसांना धरून दुसऱ्याच्या पायांवर घातलं, म्हणाली, ह्याच्या पायाचं तीर्थ पी. एका घरात एक म्हातारे आजोबा, तोंडात दात नाही, पण नातू अडखळला तसं त्यांनी हातातलं पितळी कुलूप भिरकावलं. ते पोराला न लागता बाईंच्या भुवईवर लागलं. बाईंनी रुमाल दाबून धरला आणि पोराला म्हणाल्या, तू वाच, तुझं चाललंय ना. पुढं टाके पडले.

म्हणून माझ्या आडवं बसण्याला महत्त्व. बाई भिंतीकडे तोंड करून बसायच्या, मूल त्यांच्या उजवीकडे, आणि ह्या दोघांच्या मागं मी पसरून बसायचो. पिशवीतून कुठलं कार्ड निघतंय हे घरच्यांना दिसता कामा नये. मी आपला मोठ्यांशी गप्पा ठोकायचो, पाण्याचा नळ, भाड्याची कटकट, गुडघेदुखी, काहीही. एकदा एक गडी मला ओलांडून पोराच्या पाठीत बुक्की घालायला गेला, तेव्हा मी त्याचा हात असा पिरगाळला की तो खाली बसला. आमचं काम बघणाऱ्या साहेबांनी मला बोलावून झाडलं. म्हणाले, पुन्हा कुणावर हात टाकलास तर घरी बसशील. बाईंनी माझी बाजू घेतली नाही. उलट खाली आल्यावर मला म्हणाल्या, तू त्याला पिरगाळलंस, तो रात्री त्या पोराला दुप्पट पिरगाळेल. मला त्यांचा भयंकर राग आला होता. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

साहेबांना निळी जास्त हवी असायची. वरच्या कचेरीत बरं दिसतं म्हणे. इकडची तिकडं चार पोरं वर सरकवली तर कुणाचं काय जातं, असं ते एकदा बाईंना म्हणाले. बाई म्हणाल्या, "साहेब, मूल ज्या पायरीवर उभं आहे तिथंच त्याला लिहायचं. वर लिहिलं की त्याला हात द्यायला खाली कुणी उतरत नाही." त्या विषयावर साहेब पुन्हा बोलले नाहीत. बाईंनी कधी कुणाला खोटं लिहिलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. वेल्डरच्या मुलीलासुद्धा नाही.

वेल्डरचं घर तिसऱ्या मजल्यावर, एकच खोली. ओट्यावर घासलेली भांडी, कोपऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या, आरशाचं लोखंडी कपाट. कॅलेंडरच्या शेजारी खिळ्याला गॅसच्या रबरी नळीचा तुकडा टांगलेला. नळी काही दुरुस्तीसाठी टांगलेली नव्हती, हे बघताक्षणी कळलं. तिचं एक टोक हाताच्या पकडीनं गुळगुळीत झालं होतं. मुलगी चौथीतली, काटकुळी, एक वेणी सुटलेली. बाप तिला ढ म्हणूनच हाक मारायचा, आणि तीही ओ द्यायची. बायको लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. ती ओट्याला टेकून उभी राहिली ती शेवटपर्यंत तशीच, मूग गिळून.

वेल्डरला मी म्हटलं, बसा की, तर तो बसेना. उभ्या माणसाला आडवं बसून काय अडवणार? मी सरकून बघितलं, पण कपाटाच्या आरशात बाईंची पिशवी त्याला स्वच्छ दिसत होती. मी गुडघेदुखी काढली, भाडं काढलं. तो हसून म्हणाला, "उगाच तोंड दुखवू नका. तुमची कार्डं मला ठाऊक आहेत. निळं म्हणजे पास आणि पिवळं म्हणजे गाढव. हिचं काय निघतंय तेच बघायला आज कामावर गेलो नाही." बोलता बोलता त्यानं खिळ्यावरची नळी काढून हातात घेतली. मारायला नाही, नुसती घेतली, आणि तळहातावर हळूहळू आपटत राहिला. बाईंनी हे सगळं ऐकलं, वेल्डर त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला उभा होता.

पांढऱ्या कार्डावर एक्केचाळीसातून तेरा वजा करायचे होते. मुलीनं बत्तीस लिहिलं. एकातून तीन जात नाहीत, तर तिनं तीनातून एक घालवला आणि मोकळी झाली. ही चूक शेकडो पोरं करतात. कुणीतरी त्यांना एवढंच सांगितलेलं असतं की मोठ्यातून लहान जातं. इंग्रजी शब्दांत तिनं अक्षरं एकेक करून बरोबर म्हटली, पण ती जोडून शब्द होईना. म्हणजे पिवळं. दुसरं काही नाहीच. बाईंचा हात पिशवीत गेला. आपट, आपट असा नळीचा आवाज चालू होता. मुलगी कार्डाकडे बघतच नव्हती, ती आरशात बापाच्या हाताकडे बघत होती. तिच्या गुडघ्याखालून पाण्याची बारीक रेघ फरशीवर आली, आणि तिनं फ्रॉक ओढून ती झाकली.

बाईंनी निळं कार्ड काढलं.

मी चाट पडलो. इतक्या घरांत मी त्यांना बघितलं होतं, असा हात कधी चुकला नव्हता. त्यांनी भागाकार मुलीपुढं ठेवला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "काहीही लिही." मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. मग काहीही लिहिलं, तीन, सात, परत तीन, खाली एक रेघ. बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शाब्बास." छान नाही, शाब्बास म्हणाल्या.

वेल्डरचा चेहरा असा खुलला की काय सांगू. नळी खिळ्याला परत गेली. त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती त्या हाताखाली मान आत ओढून बसली. बायकोला म्हणाला, चहा टाक. आम्हांला चहा पिऊनच सोडलं. माझ्याही घशाखाली तो गोड लागत गेला, हेही सांगून टाकतो.

खाली जिन्यात बाई पायरीवर बसल्या आणि त्यांनी कागदावर मुलीची खरी जागा लिहिली, पिवळी. म्हणाल्या, वरती नाटक झालं ते त्याच्यासाठी, इथं लिहिलंय ते तिच्यासाठी. पुढच्या सत्रापासून तिला दुपारचा वर्ग मिळेल. महिन्याभरात वजाबाकी येईल, वर्षात भागाकार. मग खरंच निळं होईल, कुणाला पत्ता नाही लागायचा. मी म्हटलं, बाई, झकास केलंत. मला मनापासून तसं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "भिंत, मी आज पहिल्यांदा मुलाला खोटं शाब्बास म्हटलं." मी म्हटलं, मार वाचला ना, सोडा आता.

सत्र सुरू व्हायला अजून वेळ होता, आणि बापाला तेवढा दम कुठला. त्यानं वर्कशॉपमध्ये सांगून टाकलं की माझ्या ढ ला भागाकार येतो, सरकारी बाईनं शाब्बास म्हटलंय. पोरगी शाळेत पहिली आल्यासारखा मिरवत होता म्हणे. हे सगळं पुढं आम्हांला त्याच मजल्यावरच्या शेजारणीनं सांगितलं. तिचा नवरा त्याच वर्कशॉपात गेटं रंगवायच्या कामावर. तर एका सुट्टीच्या दिवशी वेल्डर मुलीला तिथं घेऊन गेला. ज्यादा काम होतं, सगळे हजर होते, मालकसुद्धा. मालक म्हणाला, घे बाळ, चौऱ्याऐंशी इंची पाइपाचे सारखे सहा तुकडे करायचेत, एक तुकडा किती इंचांचा? लोखंडी पत्र्यावर खडूनं त्यानं गणित मांडून दिलं.

मुलीनं खडू घेतला आणि जरासुद्धा न घाबरता लिहिलं. तीन, सात, परत तीन, खाली रेघ. लिहून वर बघितलं. तिला वाटलं, भागाकार असाच असतो. काहीही लिहायचं आणि शाब्बास मिळते.

सगळे हसले. मालक तर खोकला येईपर्यंत हसला. कुणी म्हणालं, एका तुकड्याचे तीनशे त्र्याहत्तर इंच, मग आपण श्रीमंत झालो की रे. मुलगीही हसली, सगळे हसतात म्हणून. वेल्डरनं तिचा लिहिता हात धरून त्या पत्र्यावर पालथा दाबला. दुसऱ्या हातात कापलेली लोखंडी पट्टी होती. पहिला फटका बसेपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नाही की हा खरंच मारणार आहे. दुसरा बसला तेव्हा रंगारी ओरडला. तिसऱ्याच्या आधी दोघांनी त्याला मागून मिठी घालून ओढला. दोन बोटं मोडली होती, आणि पत्र्यावरचं गणित पुसून गेलं होतं. दवाखान्यात बापानंच सांगितलं की मशीनमध्ये हात गेला. हसणाऱ्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. ह्या लोकांना काय म्हणावं, मला अजून शब्द सापडलेला नाही.

शेजारणीनं हे सांगितलं तेव्हा बाई रस्त्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग मला म्हणाल्या, चल. मी म्हटलं, बाई, चौकीवर जाऊ. म्हणाल्या, आधी तिला बघू दे. मी मनात ठरवलं होतं की आज नोकरी गेली तरी बेहत्तर, त्या वेल्डरला उभा आडवा फोडायचा. बाईंना ते दिसलं असावं. जिना चढताना त्या म्हणाल्या, तू हात लावायचा नाहीस, आणि माझ्याकडून कबूल करून घेतलं.

वेल्डर घरातच होता. पोरीचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. ती गाद्यांच्या वळकटीला टेकून बसली होती. आई ओट्यापाशी. वेल्डरनं आम्हांला बघून आरडाओरडा केला नाही, हे विशेष. तो शांतपणे बाईंना म्हणाला, "तुम्ही मला फसवलंत. पिवळं काढलं असतंत तर दोन नळ्या बसल्या असत्या आणि मिटलं असतं. बोटं तुमच्या निळ्यानं मोडली."

बाई पोरीच्या प्लास्टरकडे बघत होत्या. मी कबूल केलं होतं म्हणून मुठी आवळून उभा होतो. खरं सांगायचं तर त्याच्या हिशेबात मलाही चूक सापडत नव्हती, आणि त्यानंच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग त्याला आणखी चेव आला. म्हणाला, आता बघा. तुमच्या वर्गाची मला गरज नाही, मी स्वतः घेतोय हिचं. ए ढ, उठ, म्हण आठाचा पाढा. मुलगी उठली. आठ एके आठ, आठ दुणे सोळा, आठ त्रिक चोवीस. आवाज सरळ, एका पट्टीतला, डोळे बापाच्या हातावर. आठ चोक बत्तीस. एकही आकडा चुकत नव्हता. वेल्डर बाईंकडे वळून म्हणाला, "बघितलंत? येतं की नाही? तुम्हीसुद्धा अशाच शिकलात म्हणे, शेजारीण सांगत होती. मग माझंच काय चुकलं?"

एवढ्यात मुलगी साताशी अडखळली. वेल्डरनं तिच्याकडे न बघताच हात उचलला, माशी हाकलावी तसा, सवयीनं, तिच्या कानाच्या दिशेनं.

तो हात पोचला नाही. बाईंच्या हातात लिहायचं पॅड होतं, जाड लाकडी, वर लोखंडी चाप असलेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर घातलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. तो कपाटावर आदळला, आरसा फुटला. बाई थांबल्या नाहीत. ह्या एवढ्याशा बाईत इतकी ताकद कुठून आली मला माहीत नाही. तो खाली बसला तरी मारत होत्या, डोक्यावर, खांद्यावर, आडव्या धरलेल्या हातावर. चाप तुटून उडाला. तोंडातून शब्द नाही, नुसता श्वास, आणि प्रत्येक घावाला त्या ओठ हलवत होत्या. मी कंबरेला धरून त्यांना मागं ओढलं. थोपवायचं काम मी इतकी वर्षं केलं, पण बाईंना थोपवायची पाळी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. जवळ गेल्यावर कळलं, त्या तेराचा पाढा म्हणत होत्या.

मी त्यांना उचलून दाराशी आणलं. वेल्डर रक्त थुंकत होता. त्याच्या बायकोनं एकही बोट हलवलं नव्हतं. बाईंचा श्वास जरा बसला तशी त्यांनी पॅड टाकलं आणि त्या मुलीकडे वळल्या. दोन्ही हात पुढं करून, तिला जवळ घ्यायला.

मुलगी वळकटी आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरली होती. प्लास्टरचा हात डोक्यावर धरला होता. बाईंनी एक पाऊल टाकलं तशी ती घाईघाईनं म्हणायला लागली, "म्हणते बाई, म्हणते. मारू नका. आठ साती छप्पन्न. आठ अठ्ठे चौसष्ट. आठ नव्वे बाहत्तर."

बरोबर म्हणत होती.

चौकीवर वेल्डरनं आपलं नाक दाखवलं आणि बाईंनी कबूल केलं की मी मारलं. त्या दिवशी त्यांनाच आत बसावं लागणार असं दिसत होतं. तेव्हा लाँड्रीवाली आई पहिल्यांदा बोलली. मशीनमध्ये हात गेला नव्हता, हे तिनं सांगितलं. मग मुलीच्या पाठीवरचा फ्रॉक वर केला, मग स्वतःची बाही वर केली. हवालदार लिहायचा थांबला आणि खुर्चीवरून उठला. पुढं रंगाऱ्यानंही साक्ष दिली, उशिरा का होईना. वेल्डर आत गेला. आई मुलीला घेऊन आपल्या भावाकडे राहायला गेली, शाळेपासून जवळच. बाईंना दंड झाला. साहेबांनी मात्र काढून टाकलं नाही, कारण ह्या कामाला माणसं मिळत नव्हती. फक्त म्हणाले, आता घरोघरी नको, शाळेतच बसा.

सत्र संपताना दुपारच्या वर्गाची फेरतपासणी असते. वर्गात ती होती. प्लास्टर निघालं होतं, दोन बोटं जरा वाकडी राहिली होती, आणि ती डाव्या हातानं लिहायला शिकली होती. बाकी पोरांशी हसत खिदळत होती. शिकवणाऱ्या ताईला पाठीमागून जाऊन लटकत होती. बाई दारात आल्या आणि तिचा हसरा चेहरा एकदम पुसला गेला. ती जागेवर जाऊन ताठ बसली, हात बाकाखाली. बाईंनी ते बघितलं. त्या आत न येता मला म्हणाल्या, हिचं तू घे. मी म्हटलं, मला कुठं तपासता येतं. म्हणाल्या, इतकी वर्षं पाठ करून बसलास, कान तर उघडे होते ना.

म्हणून तिच्यासमोर मी बसलो, मांडी घालून, एवढा धिप्पाड गडी त्या लहानशा पाटाएवढ्या बाकापाशी. पांढरं कार्ड ठेवलं. तिनं एकक बघितलं, थांबली, दशकातून एक घेतला, वर बारीक अक्षरात अकरा लिहिले आणि जीभ बाहेर काढून, सावकाश, डाव्या हातानं अठ्ठावीस उतरवलं. मग शब्द वाचले. एका शब्दाला चुकली, तर स्वतःच हसली आणि म्हणाली, थांबा काका, परत वाचते. परत वाचला, आला. निळं काढलं ते नाही जमलं. ती म्हणाली, हे अजून नाही येत मला. मी म्हटलं, छान. तिनं विचारलं, शाब्बास नाही? मी तिच्या पेन्सिलीला टोक करून दिलं.

बाहेर व्हरांड्यात बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. मी सांगितलं, बाई, आलं तिला. वजाबाकी अगदी बरोबर, हातच्यासकट. थोडा वेळ लागला, पण आपली आपण केली. आता तुम्ही एकदा आत या, भेटा, तिची भीती मोडेल. तुमच्यासमोरही येईल तिला.

बाईंनी चांगला कान माझ्याकडे केला होता, सगळं नीट ऐकलं. त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर तर ह्याच्यापेक्षा लवकर येईल रे. बापासमोर मलाही पाढे असेच चटचट यायचे."

आणि त्या जिना उतरून गेल्या. त्या मुलीच्या वर्गात त्यांनी पुन्हा कधी पाऊल ठेवलं नाही.